पडदा सरस, तरी फोन पुढे

जानेवारी २००७ च्या दुसऱ्या आठवड्यात लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात फिनलंडच्या नोकिया कंपनीने एन८०० नावाचा ‘इंटरनेट टॅब्लेट’ मांडला आणि त्याच दिवसांत, ९ जानेवारीला, सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला. दोघांचे वचन एकच होते: संगणकावर दिसते तसे खरेखुरे इंटरनेट तळहातावर. आतली रचनाही बरीच मिळतीजुळती होती. एआरएम११ कुळातला प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, वायफाय, ब्लूटूथ हे सगळे दोन्हीकडे होते. जिथे फरक होता तिथे तो बहुतेक वेळा नोकियाच्या बाजूने होता. एन८०० चा पडदा ४.१ इंचांचा आणि त्यावर ८०० बाय ४८०, म्हणजे ३ लाख ८४ हजार पिक्सेल. आयफोनचा पडदा साडेतीन इंचांचा, ३२० बाय ४८०, म्हणजे १ लाख ५३ हजार ६०० पिक्सेल. एन८०० मध्ये दोन मेमरी कार्डे बसत, बॅटरी काढून बदलता येई, व्हिडिओ कॉलसाठी कॅमेरा होता, फ्लॅशवर चालणारी संकेतस्थळे उघडत आणि लिनक्सवर उभ्या असलेल्या त्याच्या ‘माएमो’ प्रणालीत कुणालाही स्वतः लिहिलेला प्रोग्राम टाकता येई. आयफोनमध्ये यातले काहीच नव्हते. बाहेरची ॲप्स घेण्याची अधिकृत सोय त्यात जुलै २००८ मध्ये आली, मजकूर कॉपी-पेस्ट करण्याची साधी सोय तर २००९ मध्ये. किमतीतही एन८०० स्वस्त: त्याचे ३९९ डॉलर, आयफोनचे ४९९ किंवा ५९९, आणि वर मोबाइल कंपनीशी दोन वर्षांचा करार.

कागदावरच्या या हिशेबात एन८०० सहज जिंकतो. बाजारात उलटे घडले, हे सर्वांना ठाऊक आहे. ॲपलची जाहिरात भारी पडली, असे म्हणून हा प्रश्न मिटवता येतो, पण त्यातून हाती काही लागत नाही. जाहिरात माणसाला दुकानापर्यंत आणते. सहा महिन्यांनंतर तेच यंत्र त्याच्या खिशात असेल की कपाटात पडलेले असेल, हे जाहिरात ठरवू शकत नाही. मला दिसते ते कारण वेगळे आहे. हातातल्या इंटरनेट यंत्राची ताकद जोखायची तर ते काम करायला लागण्याआधी बाहेरच्या किती गोष्टी जुळून याव्या लागतात, हे आधी पाहावे लागते. पडदा, वेग, साठवण यांचा क्रम त्यानंतर लागतो. एन८०० पुढे अशा अटी अनेक होत्या आणि आयफोनने त्यातल्या दोन सर्वांत जाचक अटी काढून टाकल्या. एक बोटाची, दुसरी जोडणीची.

आधी पडद्याचे पाहू, कारण तिथे नोकियाची आघाडी खरी होती. त्या काळातली बहुतेक संकेतस्थळे ८०० किंवा १०२४ पिक्सेल रुंदीचा पडदा गृहीत धरून बनवलेली असत. एन८०० वर त्यांतली बरीच पाने जवळपास जशीच्या तशी मावत. ३२० पिक्सेलच्या आयफोनवर ती मावणे शक्यच नव्हते. मग आयफोनच्या सफारी ब्राउझरने वेगळी वाट धरली. तो मनाशी ९८० पिक्सेल रुंदीचा पडदा धरून चाले, त्यावर पूर्ण पान मांडून घेई आणि मग ते आक्रसून छोट्या पडद्यावर दाखवी. अक्षरे वाचता येत नसत, पण पानाचा नकाशा डोळ्यांपुढे येई. ज्या स्तंभावर बोटाने दोनदा टकटक करावी, त्या स्तंभाची रुंदी ओळखून ब्राउझर तेवढाच भाग पडद्याभर मोठा करी. दोन बोटे फाकवली की हवे तितके मोठे, जवळ आणली की पुन्हा लहान. पिक्सेलची उणीव अशी हालचालीने भरून काढली गेली. मात्र ही युक्ती चालायची तर बोट आणि चित्र एकत्र हलायला हवेत. बोट पुढे गेले आणि चित्र मागे राहिले, तर वाचणारा वैतागून सोडून देतो. म्हणून इथे पडद्याच्या काचेखाली काय चालते ते पाहावे लागते.

एन८०० चा टचस्क्रीन रेझिस्टिव्ह जातीचा होता. अशा पडद्यात वर लवचीक प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, खाली काच असते आणि दोघांच्या समोरासमोरच्या बाजूंवर इंडियम-टिन ऑक्साइड या पारदर्शक, वीजवाहक द्रव्याचा पातळ लेप असतो. मधे नजरेला न दिसणारे सूक्ष्म ठिपके दोन्ही थरांना अलग ठेवतात. पापुद्रा दाबला की तेवढ्या जागी दोन लेप एकमेकांना टेकतात. एका थराच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत विजेचा दाब दिलेला असतो आणि दुसरा थर टेकलेल्या जागी तो दाब किती भरतो ते मोजतो. मधोमध दाबले तर निम्मा, उजवीकडे सरकले तर जास्त. मग थरांच्या भूमिका बदलून उभ्या दिशेचे मोजमाप घेतात. दोन आकडे मिळाले की जागा कळली. ही रचना स्वस्त आहे आणि स्टायलसच्या टोकाने वापरली तर कमालीची अचूक आहे. नखाने, हातमोजा घातलेल्या बोटाने, अगदी पेनाच्या टोपणानेही ती चालते. पण तिच्या मोजण्याच्या रीतीतच तिची मर्यादा आहे. एका वेळी तिला एकच बिंदू कळतो. दोन बोटे टेकवली तर ती त्या दोघांच्या मधल्या कुठल्या तरी, कुणीच न दाबलेल्या जागेचा पत्ता सांगते. शिवाय तिला दाब लागतो. बोटाचे मऊ अग्र दाब पसरवते. सरकवताना तो जरा कमी झाला की थर सुटतात आणि हालचाल मधेच तुटते. एन८०० मध्ये बोटाने दाबल्याचे ओळखून मोठ्या बटणांचा कीबोर्ड उघडण्याची सोय होती, ही चांगली गोष्ट. तरीही त्याच्या खिडक्या, मेनू आणि कडेच्या सरकपट्ट्या टोकदार स्टायलस डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या होत्या. म्हणजे एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात स्टायलस, आणि शक्यतो बसायला जागा.

आयफोनचा पडदा कपॅसिटिव्ह. त्यात काचेखाली पारदर्शक वाहकांच्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते आणि जिथे दोन रेषा एकमेकींना ओलांडतात तिथे अगदी अल्प विद्युतभार साठवण्याची क्षमता असते. आपले शरीर खारट पाण्याने भरलेले, म्हणून वीजवाहक. बोट जवळ आले की त्या छेदबिंदूच्या विद्युतक्षेत्राचा काही भाग बोटाकडे वळतो आणि क्षमता पिकोफॅरडच्या काही अंशाने घटते. हा एवढासा फरक सेकंदात अनेक वेळा, प्रत्येक छेदबिंदूवर स्वतंत्रपणे मोजला जातो. त्यामुळे दोन, तीन, पाच बोटेही वेगवेगळी कळतात आणि दाब द्यावाच लागत नाही. विद्युतक्षेत्र काचेतून आरपार जाते, म्हणून वर कडक काच बसवता येते आणि त्या गुळगुळीत काचेवर बोट न अडखळता धावते. हे तंत्र काही ॲपलने शोधलेले नाही. ब्रिटनमध्ये माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधल्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच बोटाने चालणाऱ्या कपॅसिटिव्ह पडद्याचे वर्णन छापले होते. सत्तरच्या दशकात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे यांनी तसे पडदे मोठ्या कणत्वरकाच्या नियंत्रण कक्षासाठी घडवले. अनेक बोटांच्या हालचाली ओळखण्याचे काम अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन आणि जॉन इलायस यांनी पुढे नेले आणि त्यांची फिंगरवर्क्स ही कंपनी ॲपलने २००५ मध्ये विकत घेतली. म्हणजे चार दशके हा धागा सर्वांसाठी मोकळा होता. नोकियाला तो उचलता आला नसता असे नाही. तिने अचूकतेला प्राधान्य दिले, आणि छोट्या पडद्यावर संगणकाचीच मांडणी दाखवायची तर टोकदार स्टायलसला पर्याय नव्हता. चुकले ते मूळ गृहीतक: हातातले यंत्र म्हणजे लहान केलेला संगणक.

तरीही माझ्या मते पडद्यापेक्षा मोठा मुद्दा जोडणीचा आहे. एन८०० मध्ये सिम कार्डच नव्हते. इंटरनेटसाठी त्याला एक तर वायफायच्या टप्प्यात असावे लागे, किंवा खिशात ब्लूटूथवाला दुसरा मोबाइल लागे. दुसऱ्या वाटेने जायचे तर फोनचे ब्लूटूथ चालू करायचे, टॅब्लेटशी त्याची एकदा कोड टाकून गाठ घालून द्यायची, मोबाइल कंपनीच्या जोडणीचे तपशील भरायचे आणि मग दर वेळी जोडणी उघडायची. दोन यंत्रे, दोन बॅटऱ्या, आणि त्यांतली एक संपली की दोन्हींचा उपयोग संपला. वायफायची वाट सोपी, पण ती भिंतींच्या आत संपते. वायफाय मुळात घर किंवा कचेरीपुरत्या जाळ्यासाठी आखलेले तंत्र आहे. त्याचा टप्पा काही दहा मीटरांचा, आणि एका मालकाच्या जाळ्यातून दुसऱ्याच्या जाळ्यात चालता चालता शिरण्याची तरतूद त्यात नाही. मोबाइलचे जाळे नेमके याच कामासाठी बांधलेले आहे. एक टॉवर काही किलोमीटर सांभाळतो, तुम्ही गाडीत असाल तर एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जोडणी न तुटता सोपवली जाते, आणि यंत्र निष्क्रिय पडलेले असतानाही ते ठरावीक अंतराने क्षणभर जागे होऊन आपल्याला कुणी शोधत तर नाही ना, हे पाहते. म्हणून फोनला इंटरनेट ‘सुरू’ करावे लागत नाही. तो आधीच जाळ्यात असतो आणि जाळ्यालाही तो कुठे आहे ते ठाऊक असते. टॅब्लेटवर माणूस इंटरनेटकडे जात होता. फोनवर निरोप, पत्र, बातमी माणसाकडे येऊ लागली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पहिल्या आयफोनमध्ये थ्रीजी नव्हतेच. तो एज या जुन्या जाळ्यावर चाले आणि एजचा वेग वायफायपुढे अगदीच दुबळा. पूर्ण पान उघडायला बराच वेळ लागे. मग जोडणी हे कारण कसे धरायचे? पण वेग आणि उपलब्धता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रस्त्यात उभे असताना पत्ता शोधायचा आहे, तर संथ जोडणी उपयोगी पडते आणि नसलेली जोडणी पडत नाही, मग घरचे वायफाय कितीही वेगवान असो. त्यातही एक आर्थिक बाब होती, जिच्याकडे फार कमी लक्ष गेले. अमेरिकेत आयफोनसोबत एटीअँडटीची जी योजना मिळे तिच्यात, अगदी महिना ६० डॉलरच्या सर्वांत स्वस्त योजनेतही, डेटा अमर्याद होता. त्या वेळी अनेक ठिकाणी डेटाचे पैसे किलोबाइटच्या हिशेबाने लागत आणि फोनवर चुकून इंटरनेटचे बटण दाबले गेले तरी लोक धसका घेत. पैसे आधीच ठरले असतील तर माणूस मोकळेपणाने पाने उघडतो. जोडणी म्हणजे अँटेना, टॉवर आणि बिल, तिन्ही मिळून. एन८०० विकणाऱ्याच्या हाती यांतले एकही नव्हते.

नोकियाला हे कळत नव्हते असे समजणे अन्यायाचे होईल. त्या काळात जगात विकल्या जाणाऱ्या दर पाच मोबाइलांपैकी जवळपास दोन नोकियाचे होते. एन८०० विक्रीला आला त्याच तिमाहीत तिचा एन९५ हा फोनही आला. त्यात थ्रीजी होते, जीपीएस होते, पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, पण पडदा २.६ इंचांचा आणि बोटाने न चालणारा. एकाच कंपनीने एकाच हंगामात चांगला पडदा एका डबीत विकला आणि चांगली जोडणी दुसऱ्या डबीत, आणि ग्राहकाने दोन्ही बाळगावीत अशी अपेक्षा धरली. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या २००९ च्या अखेरीस, एन९०० मध्ये. तोवर आयफोनची तिसरी पिढी आली होती, अँड्रॉइडचे फोन बाजारात होते, आणि एन९०० चा पडदा तरीही रेझिस्टिव्हच होता. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनची कास धरली आणि माएमोची वाट जवळपास बंद झाली. यात खरे नुकसान झाले, ते मोकळेपणाचे. मालकाला आपल्या यंत्राचा शेवटचा कोपरा उघडून पाहू देणारी, प्रोग्राम टाकायला कुणाची परवानगी न मागणारी खिशातली प्रणाली त्यानंतर मुख्य बाजारात टिकली नाही. आज आपल्या फोनवर काय चालेल आणि काय नाही, हे दोन कंपन्या ठरवतात. मोकळेपणा हरला तो वाईट होता म्हणून नव्हे. तो सिम नसलेल्या यंत्रात बसवलेला होता, आणि याची हळहळ वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टॅब्लेटला जोडणीच भोवली असेल, तर एप्रिल २०१० मध्ये आलेला आयपॅड कसा चालला? त्याची आधी विक्रीला आलेली आवृत्ती फक्त वायफायवरच चाले. उत्तर त्याच्या मापात आहे. आयपॅडचा पडदा ९.७ इंचांचा आणि वजन जवळपास ६८० ग्रॅम. तो खिशात ठेवायची कल्पनाही कुणी करत नव्हते. तो घरातल्या सोफ्यावर, पलंगावर, वर्गात वापरायचा, म्हणजे जिथे वायफाय आधीच असते तिथेच. त्याच्यापुरती जोडणीची अट आपोआप पुरी झालेली होती. एन८०० खिशात मावे आणि म्हणूनच तो नेमका अशा ठिकाणी बाहेर निघे, जिथे त्याला इंटरनेट मिळत नसे. आणि खिशात मावणाऱ्या टॅब्लेटचा आकारच चुकला होता, असेही म्हणता येत नाही. एन८०० ची लांबी १४४ मिलिमीटर, रुंदी ७५ मिलिमीटर आणि वजन साधारण २०६ ग्रॅम होते. आज दुकानात मिळणारे बहुतेक स्मार्टफोन त्याच्याहून लांब आहेत, रुंदीला जवळपास तेवढेच आणि वजनालाही फारसे हलके नाहीत. त्या आकाराची मागणी खरीच होती. त्यात सिम बसवून बोटाने चालणारा पडदा दिल्यावर लोकांनी तो आनंदाने स्वीकारला.

आपल्या देशात या सगळ्याची उजळणी वेगळ्या रूपाने झाली. ऑगस्ट २००८ मध्ये भारतात आयफोन थ्रीजी आला तेव्हा ८ जीबीच्या फोनची किंमत ३१ हजार रुपये होती, आणि ज्या जाळ्यासाठी तो बनला होता ते थ्रीजी देशात सुरूच झालेले नव्हते. इथे तो मोजक्या हातांतच राहिला. फोनलाही अटी चुकत नाहीत, हे त्यातून दिसते. मग ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिबल यांनी ‘आकाश’ टॅब्लेट जाहीर केला. विद्यार्थ्यांसाठी जगातला सर्वांत स्वस्त टॅब्लेट म्हणून त्याचे कौतुक झाले. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता. पडदा सात इंचांचा, ८०० बाय ४८० पिक्सेलचा, रेझिस्टिव्ह. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा. जोडणी वायफायची. म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या एन८०० चेच कलम, फक्त पडदा ताणलेला, आणि वायफाय असलेली महाविद्यालये त्या वेळी देशात किती तुरळक होती, हे वेगळे सांगायला नको. पडदा नीट चालत नाही, यंत्र मंद आहे, बॅटरी टिकत नाही, अशा तक्रारी लगेच आल्या. पुढे प्रकल्प पवईच्या आयआयटी मुंबईकडे आला आणि तिथल्या प्राध्यापकांनी त्याला जमेल तितके सुधारले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आलेल्या ‘आकाश २’ मध्ये कपॅसिटिव्ह पडदा होता आणि एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. बोटाची अट सुटली. वायफायवरची भिस्त मात्र कायम राहिली.

‘आकाश’ रखडला त्याला पुरवठ्यापासून दर्जापर्यंत अनेक कारणे होती, आणि सगळा दोष जोडणीवर टाकणे योग्य नाही. पण त्याच्या शेजारी २०१७ चा जिओफोन ठेवून पाहावा. पडदा जेमतेम २.४ इंचांचा, टचस्क्रीन नाहीच, खाली जुन्या पद्धतीची बटणे. पंधराशे रुपये अनामत. यंत्र म्हणून आकाशपुढे तो कितीतरी लहान आणि अवघड. पण आत फोरजी होते, आणि त्याच कंपनीने सप्टेंबर २०१६ पासून डेटाचा दर इतका खाली आणला होता की रिचार्ज करताना हात आखडता घ्यावा लागत नव्हता. असे फोन कोट्यवधी लोकांनी घेतले आणि त्या एवढ्याशा पडद्यावर व्हिडिओ पाहिले. पडदा आणि जोडणी यांतले एकच मिळणार असेल तर माणूस काय निवडतो, याचा इतका मोठा पुरावा प्रयोगशाळेत मिळाला नसता.

टॅब्लेटला यात जागाच नाही असा अर्थ मात्र कुणी काढू नये. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले ते अभ्यासक्रम आधीच आत भरून. त्या योजनेचे मूल्यमापन वेगळ्या निकषांवर करता येईल, पण तिची तांत्रिक कल्पना सुसंगत होती. पुस्तक, चित्रे आणि धडे यंत्रातच असल्यामुळे वाचायला बसलेल्या मुलाला वायफाय लागत नव्हते, रेंज लागत नव्हती, रिचार्जही लागत नव्हते. तिथे पडद्याचे इंच, अक्षरांचा ठळकपणा आणि बॅटरीचे तास यांवरच निवड करणे बरोबर ठरते, आणि तिथे सात इंचांचा टॅब कुठल्याही फोनपेक्षा सरस आहे.